डाव्या चाकाचा माणूस

१

बोरगळच्या सिद्धेश्वराचा रथ चैत्रात, यात्रेच्या तिसऱ्या दिवशी निघतो. दुपारी चारला हलतो आणि दिवेलागणीच्या आत ओढ्याकाठच्या पादुकांपाशी पोचतो. अंतर म्हणाल तर पायी दहा मिनिटांचं. रथाला तीन तास लागतात, कारण तो अस्सल सागवानी आहे, दुमजली घराएवढा उंच आहे आणि त्याला ब्रेकही नाही न् स्टिअरिंगही नाही. पुढच्या दोराला दीडशे माणसं असतात, मागच्या दोराला साठ-सत्तर. पुढचे ओढतात, मागचे आवरून धरतात, आणि रथ आपणच चालवला असं दोन्हीकडचे लोक पुढं वर्षभर एकमेकांना सांगत बसतात. खरं तर रथ चालवणारे दोघंच. ते पुढच्या दोन चाकांपाशी वाकून असतात आणि खारका-केळी उधळण्याच्या नादात त्यांच्याकडं कुणी बघतही नाही.

उजव्या चाकाला बलभीम सुतार. वय छप्पन्न, गुडघे त्याहून म्हातारे. डाव्या चाकाला गेली एकोणतीस वर्षं बशीरभाई. बलभीमच्या घराण्यानं चाकं घडवलेली आणि बशीरच्या घराण्यानं त्यांच्यावर लोखंडी पट्ट्यांच्या धावा चढवलेल्या, म्हणून एकेक चाक एकेका घराच्या मानाचं. दोघांच्या हातात बाभळीची एकेक पाचर. ती चाकापुढं सारली की रथ थांबतो. एकाच बाजूला सारली की त्या बाजूला वळतो. थांबलेला रथ सरळ हलवायचा तर दोन्ही पाचरी एकापाठोपाठ एक निघाल्या पाहिजेत, मधे श्वासाएवढाही वेळ जाता कामा नये. दुसऱ्या गावांनी लांब दांड्याच्या पाचरी कधीच केल्या. बोरगळात हात चाकाखाली घालूनच पाचर काढतात. मान तो मान.

आता दोघांच्या मधे रथाचं पोट, त्याला चारी बाजूंनी भगवं कापड सोडलेलं, आणि भोवती हलग्यांचा असा दणका की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. म्हणून ठोक्याची रीत पडली. डाव्या बाजूच्या माणसानं पाचर काढली, हात बाहेर घेतला, की त्यानं हातोडीनं दोन्ही चाकं जोडणाऱ्या लोखंडी आखावर दोन ठोके द्यायचे. उजव्या बाजूच्यानं आखावर तळवा टेकवून ठेवलेला असतो. ठोके हाताला लागले की त्यानं आपली पाचर ओढायची आणि रथ हलायचा. त्या दोन ठोक्यांचा अर्थ एवढाच, की माझा हात बाहेर आहे.

बशीरभाईच्या उजव्या हाताचा अंगठा लहानपणी घणाखाली सापडून वाकडा झालेला. त्यामुळं हातोडी त्याच्या हातात नीट बसायची नाही. दोन ठोके झाले की ती घसरायची आणि आखावर बारीकशी खरडायची. टक, टक, खर्र. एकोणतीस वर्षं बलभीमच्या तळव्याला हेच कळत आलं होतं.

पौषात बशीरभाई गेला.

२

सोलापूरच्या दवाखान्यात शेवटल्या दिवशी बलभीम त्याच्या उशाशी होता. बशीरची बायको नूरुन्निसा औषध आणायला खाली गेली होती आणि मुलगा आसिफ कागदपत्रांच्या रांगेत उभा होता. बशीरनं नाकावरची नळी बाजूला केली, बलभीमचं मनगट धरलं आणि सांगितलं, "आसिफला माझ्या चाकाला धाडू नको. माझा निरोप हाय म्हनून सांग त्याला."

बलभीमनं मान डोलावली. मरणाऱ्या माणसापुढं मान डोलावायला काही लागत नाही.

संध्याकाळी बशीर गेला. दफन झालं, तिसरा दिवस झाला, चाळिसावा झाला. चाळिसाव्याला नूरुन्निसानं बलभीमला दारात थांबवून विचारलं, "जाताना काई बोलले का ओ तुमच्यापाशी?" बलभीम न्हाय म्हणाला.

हे का केलं, याचा त्यानं पुढं फार विचार केला नाही, पण कारण साधं होतं. यात्रेच्या पंचांचे मुख्य आण्णासाहेब दोन वर्षं रथाला ब्रेक बसवायचं बोलत होते. हैदराबादकडचा कुणी कारागीर येऊन बघूनही गेला होता. डाव्या चाकाचा मान रिकामा पडला की ब्रेक बसणार हे उघड होतं, आणि ब्रेक बसल्यावर उजव्या चाकाला तरी माणूस कशाला हवा? बलभीम वर्षभर दारं-खिडक्या दुरुस्त करून पोट भरायचा. गाव त्याला बल्या म्हणायचं. चैत्रातल्या त्या एका दुपारी मात्र त्याला भरजरी फेटा बांधला जायचा आणि आण्णासाहेब स्वतः पानसुपारी द्यायचे. एवढंच होतं त्याच्यापाशी, आणि ते त्याला सोडवेना.

आसिफ बत्तीस वर्षांचा, लग्न झालेला, मुरूम गावात गेट-ग्रिलचं वेल्डिंगचं दुकान चालवणारा शहाणा माणूस. बलभीम गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानात जाऊन बसला. म्हणाला, "तुज्या अब्बांचं चाक हाय. मोकळं ठिवायचं का?" आसिफनं चहा मागवला, थोडा विचार केला आणि येतो म्हणाला.

३

रथ वेळेवर हलला. देवळापुढच्या पटांगणात पहिला मुक्काम, तिथं आसिफचे ठोके आले. टक, टक. स्वच्छ, समान, शिकाऊ माणसाचे. बलभीमनं पाचर ओढली आणि रथ कुरकुरत पुढं सरकला. आण्णासाहेबांनी भोंग्यावरून दोन्ही बाजूंच्या माणसांची नावं घेतली. बलभीमला बरं वाटलं, खोटं कशाला सांगा.

दुसरा मुक्काम चावडीपुढं. पुजाऱ्यानं नारळ वाढवला, बायकांनी ओवाळलं, हलग्या परत सुरू झाल्या. बलभीमनं आखावर तळवा टेकवला.

टक, टक, खर्र.

पाचर ओढून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण काय ऐकलं. हाताला सवय होती, हातानं काम केलं होतं. रथ चालू लागला तसा तोही वाकून चाकाबरोबर चालू लागला आणि मनाशी हिशेब करू लागला. बापाचं बघून पोरगं शिकलं असेल. किंवा हातोडी तीच बशीरची असेल आणि दांडा सैल झाला असेल. आखाला आज एरंडेल जास्त पाजलंय, हातोडी घसरणारच. तिन्ही कारणं पटण्यासारखी होती, आणि तीन कारणं शोधावी लागली याचंच त्याला वाईट वाटलं.

मारुतीच्या वळणावर पुन्हा तेच. टक, टक, खर्र. त्यानं ओढली.

पाण्याच्या टाकीपाशी रथ नैवेद्यासाठी चांगला पाऊण तास थांबतो. माणसं सावलीला पांगली. बलभीम रथाच्या पुढून डाव्या बाजूला गेला. आसिफ चाकाला टेकून बसला होता, गुडघ्यावर नवीकोरी हातोडी. दांडा घट्ट होता. बलभीमनं उगाच ती हातात घेऊन पाहिली.

आसिफ पाणी पीत होता. बाटली खाली ठेवून तो अदबीनंच म्हणाला, "काका, जरा दम धरत जावा. मी ठोकायच्या आधीच तुमी काढताय. चावडीपाशी माजा हात आतच हुता."

"ठोका आला की रं मला."

"न्हाय काका. मारुतीपाशी बी तसंच झालं. मी न्हाय ठोकलं."

बलभीम हसला. म्हातारपण आलं, हलग्यांचे दणके बसतात आखाला, आता सांभाळून करतो, असं काहीतरी बोलला. निरोप सांगायला ती जागा बरी होती. सावली होती, माणसं लांब होती, रथ सपाटीवर उभा होता. आसिफ हातोडी परत मागत हात पुढं करून होता. बलभीमनं ती दिली आणि आपल्या बाजूला निघून आला.

४

टाकीपासून पुढं त्यानं एक युक्ती केली. ठोके आले, टक, टक, खर्र. त्यानं पाचर ओढली नाही. तळवा तसाच ठेवून वाट पाहिली. मागच्या दोराचे लोक ओरडू लागले. चार-पाच श्वास गेले आणि मग दुसरे ठोके आले. टक, टक. स्वच्छ. तेव्हा त्यानं ओढली.

म्हणजे ठोके दोन जागांहून येत होते. हे कळल्यावर माणसानं घाबरायला हवं, पण हाताशी काम असलं की भीतीला थांबावं लागतं. बलभीमनं नियम करून टाकला. खरडलेला ठोका सोडायचा, स्वच्छ ठोका धरायचा. आणि कारण काय, ते उद्या सावकाश बघू. आख जुना आहे, आतून कुठं चीर गेली असेल आणि चाक सैलावताना तीच वाजत असेल. तो सुतार होता. लाकूड आणि लोखंड बसल्या जागी किती प्रकारे बोलतं, हे त्याला गावात सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

नियम तीन मुक्काम चालला. पीठगिरणीपाशी खरडलेला ठोका आला, मग स्वच्छ. ग्रामपंचायतीपाशी तसंच. मात्र दोन्हींच्या मधलं अंतर कमी होत होतं. वेशीपाशी खरडणं संपतं न संपतं तोच स्वच्छ ठोके आले. एकाच ठिकाणी दोघंजण गुडघे टेकून बसलेत आणि एकाचं झाल्याबरोबर दुसरा उरकून घेतोय, असं वाटलं.

रथाच्या कापडाखाली वाकून पलीकडं बघावं, असं त्याच्या मनात आलं. पण चालत्या रथाखाली बघायचं नसतं. का, ते कुणी सांगत नाही. बलभीमच्या बापानं त्याला सांगितलं होतं, त्याच्या बापाला त्याच्या बापानं, आणि कुणालाच कारण विचारायची गरज पडली नव्हती.

५

वेशीबाहेर रस्ता ओढ्याकडं उतरतो. दीडशे हाताचा उतार, तळाशी यात्रा भरलेली. पाळणे, रसवंती, बांगड्यांची दुकानं, आणि रथ बघायला दोन्ही अंगांना उभी राहिलेली बायकापोरं. इथं पुढचा दोर ढिला सोडतात. सगळा भार मागच्या दोरावर आणि दोन पाचरींवर. दहा-दहा हातांवर थांबत, पाचरी काढत-घालत रथ खाली न्यायचा.

पहिले दोन टप्पे नीट झाले. तिसऱ्या टप्प्याला रथ थांबला. सूर्य ओढ्यापलीकडच्या बाभळींवर आला होता. बलभीमनं तळवा टेकवला.

टक, टक, खर्र.

तो थांबला. आता स्वच्छ ठोका येईल.

आला नाही. तळव्याखाली आख तापलेला होता आणि हलग्यांनी थरथरत होता. थोड्या वेळानं पुन्हा, टक, टक, खर्र. मागच्या दोराची माणसं टाचा रोवून मागं रेललेली, त्यांच्यातलं कुणीतरी दम संपला म्हणून ओरडत होतं. आण्णासाहेब भोंगा सोडून धावत आले आणि म्हणाले, "बलभीम, काढ की. दिवस चालला."

टक, टक, खर्र. बशीरनं एकोणतीस वर्षांत कधी खोटा ठोका दिला नव्हता. बलभीमचा हात आपोआप चाकाखाली गेला, बोटं पाचरीला भिडली. एवढं ओढलं की झालं. इथंच त्याच्या मनात स्पष्ट उमटलं, की स्वच्छ ठोका यायचा राहिलाय, म्हणजे आसिफचा हात अजून आत आहे.

त्यानं हात काढला आणि उभा राहिला. उतारावर चाक सोडून उठलेला माणूस बोरगळनं तोवर पाहिला नव्हता. आण्णासाहेब काही बोलले, ते त्याला ऐकू गेलं नाही. तो रथाच्या पुढून, ढिल्या पडलेल्या दोरावरून, डाव्या बाजूला गेला.

आसिफ जमिनीवर पालथा पडला होता. उजवा हात खांद्यापर्यंत चाकाखाली, गाल धुळीत. पाचर अर्धी सरकलेली. हातोडी पाच-सहा हातांवर रस्त्याच्या कडेला पडली होती, त्याला तिथून ती मिळण्यासारखी नव्हती. त्याचे डोळे उघडे होते आणि तो रथाच्या पोटाकडं बघत होता, कुणाचं तरी नीट ऐकत असल्यासारखा.

बलभीम गुडघ्यावर आला, त्याची कंबर धरली आणि ओढू लागला. हात निघेना. सदरा अडकला असेल म्हणून त्यानं रथाचं भगवं कापड वर सारलं आणि आत पाहिलं. आत अंधार होता, एरंडेलाचा वास होता. आसिफचं मनगट त्याला दिसलं. मनगटाभोवती चार बोटं दिसली. अंगठा बाकीच्या बोटांशी जुळत नव्हता, बाहेरच्या बाजूला वाकला होता.

किती वेळ दिसलं म्हणाल तर पापणी लवण्याएवढंच. बलभीमनं डोळे मिटले, पाय चाकाला लावला आणि जीव खाऊन ओढलं. हात सुटला. दोघंही मागं, गटारीच्या कडेला जाऊन पडले.

६

हलग्या थांबल्या होत्या. माणसं गोळा झाली, कुणी पाणी आणलं. हात शाबूत होता, कुठं खरचटलंही नव्हतं. आण्णासाहेबांनी ते स्वतः पाहून खात्री केली आणि मागच्या दोराला आणखी माणसं लावायला धावले, कारण रथ अजून उतारावरच उभा होता.

आसिफ बसला होता. मनगट चोळत होता. एस.टी. स्टँडवर भेटलेल्या माणसाची हकिगत सांगावी तितक्या साध्या आवाजात तो बलभीमला म्हणाला, "अब्बा सोडत नव्हते."

बलभीमनं त्याच्या मनगटाकडं पाहिलं.

"म्हनत हुते, बलभीमपाशी निरोप धाडला हुता, येऊ नको म्हनून. तरी आलास. आता ऱ्हा म्हनले." आसिफनं मान वर केली. "काका, कसला निरोप?"

बलभीमला पुष्कळ काही बोलता आलं असतं. उन्हानं भोवळ आली असेल, म्हणता आलं असतं. आसपासच्या चार जणांनी ते उचलूनही धरलं असतं. पण त्याची जीभ रेटेना. लाजेनं त्याला घाम फुटला होता, आणि ती लाज भीतीपेक्षा मोठी होती. त्यानं सांगितलं. दवाखाना, नळी, धरलेलं मनगट, निरोपाचा शब्द न् शब्द. आण्णासाहेबांचे ब्रेक आणि आपला फेटा, तेही सांगितलं.

आसिफनं सगळं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "अम्मीनं इचारलं हुतं तुमाला."

"व्हय."

"तवा बी न्हाय म्हनलात."

"व्हय."

आसिफ उठला. सदऱ्याची धूळ झटकली. नवीकोरी हातोडी कडेला पडली होती, तिच्याकडं त्यानं पाहिलं नाही. गर्दीतून वाट काढत तो चढ चढून गावाकडं गेला. बलभीम त्याची पाठ वेशीतून दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला. तो आता घरी पोचेल, नूरुन्निसापाशी बसेल, आणि हेच सगळं तिला सांगेल. सांगू दे. तो चालत घरी जातोय, यापुढं बाकी कशाचंच मोल नव्हतं.

आण्णासाहेब परत आले. मागच्या दोराला आता शंभर माणसं होती आणि तरीही दोर हातांतून इंचाइंचानं सरकत होता. खालची बायकापोरं हटवायला लोक धावले होते, पण यात्रा एवढ्यात कुठं हटते. उतारावर रथ सोडून देता येत नाही आणि परत वर नेता येत नाही. आण्णासाहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. ते म्हणाले, "डाव्या चाकाला कोन बसतंय मंग? कुनाला बसवू?"

दोघं-तिघं पुढं झाले. चांगली धडधाकट माणसं होती, त्यांना नुसतं वाकायचं ठाऊक होतं. बलभीमनं हातानं त्यांना मागं सारलं.

"कुनाला बसवू नका," तो म्हणाला. "मानूस हाय तिथं."

आण्णासाहेबांनी डाव्या चाकाकडं पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. अर्धी सरकलेली पाचर तेवढी होती. त्यांनी पुन्हा बलभीमकडं पाहिलं आणि पुढं झालेल्या माणसांना परत दोराकडं धाडलं.

बलभीम आपल्या बाजूला आला. फेटा काढून रथाच्या कठड्यावर ठेवला. गुडघे टेकले. दुखले, पण टेकले. कापडाखालून अंधार दिसत होता, तिकडं त्यानं पाहिलं नाही. आखाला तोंड जवळ नेऊन तो हळूच म्हणाला, "निरोप दिला बशीरभाई. उशीर झाला."

मग तळवा टेकवून वाट बघत राहिला. हलगीवाले त्याच्या इशाऱ्यासाठी थांबले होते. दोराची माणसं थांबली होती. सगळ्या उतारावर आवाज असा नव्हता, म्हणून या खेपेला ते ठोके आजूबाजूच्या दहा-वीस लोकांनीही ऐकले, आणि डाव्या बाजूला कोण बसलंय हे बघायला कुणीही गेलं नाही.

टक, टक. मग बारीक खरडल्याचा आवाज.

बलभीमनं उजवा हात चाकाखाली घातला.